आरसे गेले, चाळिशी राहिली

फेलिक्सस्टो बंदरात कंटेनर उचलायचा, ऑरवेलचा पूल ओलांडायचा आणि ए-१४ ने केंब्रिजवरून डॅव्हेंट्रीच्या गोदामांपर्यंत जायचं, ही माझी नेहमीची वाट. मूळचा मी कराडचा. इंग्लंडात लॉरी चालवता चालवता पन्नाशी उलटली. मालकाने नवी गाडी हातात दिली तेव्हा तिला बाजूचे मोठे आरसेच नव्हते. वर छताजवळ कॅमेऱ्यांचे दोन दांडे आणि आत, पुढच्या काचेच्या दोन्ही खांबांवर एकेक उभी स्क्रीन.

आरशांऐवजी कॅमेरे चालतील, ही मुभा संयुक्त राष्ट्रांच्या ४६ क्रमांकाच्या वाहननियमाने २०१६ मध्ये दिली. २०१८ मध्ये मर्सिडीजने तसा ॲक्ट्रोस ट्रक आणला. माझी गाडी कुणाची ते सांगत नाही, कारण तक्रार गाडीबद्दल नाहीच.

सुख आधी सांगतो. पूर्वी राउंडअबाउटवर आरशाच्या भल्यामोठ्या डब्याआड अख्खा सायकलवाला लपायचा; आता तिथे मोकळी काच आहे. वळताना कॅमेऱ्याचं दृश्य ट्रेलरबरोबर सरकतं, शेपूट नजरेतून सुटत नाही. रात्री मागच्याचे दिवे डोळ्यांत घुसत नाहीत, पावसात बाजूच्या काचेवरच्या थेंबांतून आरसा शोधावा लागत नाही. मुक्कामी पडदे ओढून बर्थवर पडल्या पडल्या बटण दाबलं की गाडीभोवती कोण फिरतंय तेही दिसतं.

तरीही दुपारनंतर डोळे चुरचुरायचे आणि मान आखडायची. गंमत म्हणजे त्रास फक्त उजव्या स्क्रीनचा. इथे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ती स्क्रीन जेमतेम हातभर अंतरावर. डावी पार केबिनच्या दुसऱ्या टोकाला. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह: वरून लांबचं, खालून वाचायचं, मधे एक अरुंद पट्टा. स्क्रीन मात्र नजरेच्या उंचीवर. म्हणजे हातभरावरची वस्तू मी लांबच्या भिंगातून बघत होतो. ती अंधूक दिसली की नकळत हनुवटी वर जायची, मधला पट्टा डोळ्यांसमोर यायचा, आणि पुन्हा रस्त्यावर बघायला मान खाली. लेन बदलायची असो वा नसो, दर थोड्या वेळाने हेच.

आरशात हे होत नव्हतं. आरसा बघताना डोळा काचेवर थांबत नाही. प्रतिमा काचेच्या मागे असते, नजरेला तेवढं जवळ यावं लागत नाही. स्क्रीनवर सगळं एकाच पातळीत चिकटलेलं. मागचा ट्रक किती मागे आहे याचा अंदाज पूर्वी आपोआप यायचा, आता स्क्रीनवरच्या आडव्या रेघांवरून काढावा लागतो. त्यात आरशासमोर जरा पुढे वाकलं की झाकलेला कोपरा उघडा पडायचा. इतक्या वर्षांची ही सवय; स्क्रीनपुढे कितीही वाका, चित्र तेच. आमच्यातल्या पंचविशीच्या पोरांना यातलं काहीच जाणवत नाही. त्यांचे डोळे क्षणात जवळ येतात, क्षणात लांब जातात.

लंडनमध्ये शिरायचं असेल तर आणखी भर. ऑक्टोबर २०२४ पासून १२ टनांवरच्या ज्या गाडीला केबिनमधून थेट किती दिसतं यासाठी मिळणारे किमान तीन तारे नाहीत, तिला डाव्या आंधळ्या कोपऱ्यासाठी कॅमेरा आणि माणूस ओळखणारे सेन्सर लावावे लागतात. उद्देशाबद्दल वाद नाही, सायकलवाले खरोखर मरत होते. पण बदली म्हणून तशी जुनी गाडी घेऊन गेलो की संध्याकाळी डोकं भणभणतं. दिसलेल्या माणसाबद्दलही गाडी कानाशी ओरडते.

गाडी चालवण्याचे तास नोंदवणारा टॅकोग्राफ साडेचार तास झाले की पाऊण तास थांबवतो. तो तास मोजतो, डोळे नाही. पंचेचाळिशीनंतर इथे दर पाच वर्षांनी जड वाहनचालकाची वैद्यकीय तपासणी होते, तीत नजर तपासतात ती लांबची. हातभरावरचं कसं दिसतं, असं मला कुणी विचारलं नाही.

विचारलं ते चष्मेवालीने. "स्क्रीन किती लांब?" मी टेप घेऊन केबिनमध्ये बसलो: उजवी ७२ सेंटिमीटर. मधला पट्टा रुंद आणि जरा वर घेतलेली भिंगं तिने बनवून दिली. पैसे माझ्या खिशातून गेले. मालकाच्या मते चष्मा ही खासगी बाब. मानेचं दुखणं बरंच गेलं. अंतराच्या अंदाजाला मात्र भिंग नाही, म्हणून डॅव्हेंट्रीत अवघड धक्क्याला रिव्हर्स घेताना मी अजूनही खाली उतरून मागे बघून येतो. पोरं हसतात, हसू देत.