एल्बकाठचा बांध

हॅम्बुर्ग समुद्राकाठी नाही. उत्तर समुद्र इथून शंभरेक किलोमीटर दूर. तरीही एल्ब नदी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते आणि तेही साडेतीन मीटरांहून जास्त. म्हणून लांडुंग्सब्र्युकेनचा लांबलचक धक्का तरंगता बांधला आहे आणि तिथल्या दगडी मनोऱ्यावर घड्याळाबरोबर पाण्याची पातळीही दिसते. कामावर जाण्यासाठी बोटीत चढताना मी आधी पातळी बघायचे, मग वेळ. मी अलिबागजवळच्या खारेपाटातली. आमच्याकडे तिथी विचारतात ती उधाणासाठी. या शहरातली भाषा, थंडी, जेवण सगळं परकं होतं, पण नदीचा चिखल उघडा पडला की येणारा वास मला पहिल्याच आठवड्यात ओळखू आला.

पदव्युत्तर शिक्षणाचा भाग म्हणून पूरसंरक्षणाचं काम करणाऱ्या एका कार्यालयात मी रुजू झाले होते. सुरुवातीला हाती आले ते नुसते छेद. बांधाचे आडवे छेद, एकामागून एक: पोटात वाळू, वर चिकणमातीचं जाड आवरण, त्यावर हिरवळ, दोन्ही बाजूंना सावकाश उतरत जाणारा एकास तीनचा उतार. हा उतार इतका पसरट का, असं मी विचारलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी एक जुना छेद शेजारी ठेवला आणि ‘बासष्टच्या आधीचा’ एवढंच म्हणाल्या. त्या बांधाची आतली, म्हणजे वस्तीकडची बाजू कड्यासारखी उभी होती.

16 फेब्रुवारी 1962च्या रात्री वादळाने समुद्राचं पाणी नदीत लोटलं. ते 5.70 मीटरांवर चढलं. बांध समोरून फुटले नाहीत. पाणी माथ्यावरून आत सांडलं, त्या उभ्या बाजूची माती खरवडत गेलं आणि बांध पाठीमागून ढासळले. साठेक ठिकाणी खांडी पडल्या. शहरात 315 माणसं गेली. त्यांतली दोनशेहून अधिक नदीच्या दोन फाट्यांमधल्या विल्हेल्म्सबुर्ग बेटावरची. युद्धातल्या बॉम्बवर्षावात घरं गेलेली कुटुंबं तिथे बागांमधल्या खोपट्यांत राहत होती. ती झोपेत होती. पुढे जर्मनीचे चॅन्सेलर झालेले हेल्मुट श्मिट तेव्हा शहराचा पोलीस विभाग सांभाळत होते; त्यांनी लष्कराची हेलिकॉप्टरं मागवली. जानेवारी 1976 मध्ये पाणी 6.45 मीटरांवर गेलं, म्हणजे त्याहून बरंच वर. पण तेव्हा नवे बांध उभे होते आणि शहर वाचलं. हे समजल्यावर मी काढत असलेल्या रेषेकडे माझं बघणं बदललं. एकास तीन हा आकडा माझ्या पाठ्यपुस्तकातही होता; तो कुणाच्या जिवावर ठरला हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

शरद ऋतूत, वादळांचे महिने सुरू होण्याआधी, बांधाची पाहणी असते. माणसं बांध पायी चालतात. कुठे गवत विरळ झालंय, कुठे सशांनी बीळ केलंय, कुठे माती खचलीय, सगळं टिपून घेतात. बांधावर मेंढ्या चरतात त्याही उगीच नाहीत. त्या गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबत जातात. आमच्याकडे ससे नाहीत, खेकडे आहेत. माझे आजोबा उधाण ओसरलं की कुदळ घेऊन निघायचे, खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा ठोकून बुजवायचे. त्यांच्यासोबत पाड्यातले सगळे असायचे. ज्याची जमीन खांडीपासून लांब, तोही यायचा, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की ते कुणाचा बांध बघत नाही. ती माणसं थकली, मुलं मुंबईला गेली आणि बांधावरून चालणं थांबलं. आज आमच्या कितीतरी शेतांत भाताच्या जागी तिवरं उभी आहेत. हॅम्बुर्ग श्रीमंत आहे म्हणून वाचलं असं मला वाटायचं. पैसा लागतोच, पण ज्या सकाळी मी वहीत सशाचं बीळ टिपून घेतलं, त्या सकाळी आजोबांची फार आठवण आली.

रात्री फोनवर बाबांना मेंढ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आपल्याकडं तर गुरांना बांधावर चढू देत नसत.’’ बरोबरच होतं, जड खुराने ओला बांध फाटतो. मग मी उताराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘तीन मीटरचा बांध घातला तर जागा किती खाईल?’’ दोन्हीकडचे उतार मिळून अठरा आणि माथा तीन, मी म्हटलं, एकवीस मीटर.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. ‘‘पोरी, आपलं शेत आहे केवढं?’’

मी म्हटलं, बाहेरच्या अंगाला तिवरांचा पट्टा राखला तर लाटेचा जोर तिथेच मोडेल, त्या बाजूचा उतार थोडा कमी करून बघता येईल. आतला मात्र नाही, बासष्टला बांध आतूनच गेले.

‘‘आतला उतार म्हणजे भाताचीच जमीन ना?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘मग नकाशा काढून पाठव. चौघांना दाखवतो.’’