पहिल्या पंक्तीचे पान

आमच्या घरात जेवणाची एक शिस्त पूर्वापार चालत आलेली आहे. ती कोणी घालून दिली हे कोणास ठाऊक नाही, आणि म्हणूनच ती मोडावी असेही कोणाच्या मनात येत नाही. पहिल्या पंक्तीस पुरुष व मुले, दुसऱ्या पंक्तीस बायका, आणि त्यांतही जी वाढावयास उभी असेल ती सर्वांच्या शेवटी. मुलुंडास आम्ही एकत्र राहतो. आमच्या वहिनी, म्हणजे कैलासवासी वडीलबंधूंच्या पत्नी, त्यांचा मुलगा व सून, माझा मुलगा व सून, दोन नातवंडे आणि आम्ही उभयता. सुना नोकरीस जातात, तेव्हा रोजची पंगत आता नावालाच उरली आहे. परंतु रविवारी व सणावारी ती आपल्या मूळ रूपात अवतरते, आणि शेवटचे पान कोणाचे हे विचारावे लागत नाही. ते आमच्या सौभाग्यवतींचे.

या गोष्टीचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तो करावयास मला एका हॉटेलाने लावले, असे म्हटले तर वाचकांस हसू येईल; पण झाले ते असे.

आमचा विवाह १९८५ च्या वैशाखात झाला. त्यास चाळीस वर्षे झाली तेव्हा पुतण्याने बेत केला की, काका-काकूंना अंधेरीच्या एका नामांकित हॉटेलात जेवावयास न्यावयाचे. हॉटेल म्हणजे आत शिरावे, पंख्याखालची जागा पाहून बसावे, एवढेच माझे ज्ञान. पुतण्या म्हणाला, "काका, तिथं टेबल मिळवावं लागतं." ठरलेल्या तारखेस दुपारी बारा वाजता तेथील दार उघडते, दार म्हणजे लाकडी नव्हे, मोबाईलमधील. दोन मिनिटांत सारी टेबले संपतात. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण ज्यांनी केले आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. दोन महिने त्याचा प्रयत्न फसला. तिसऱ्या महिन्यात सहा जणांचे टेबल लाभले. वेळ रात्री पावणेदहाची, मुदत दीड तासाची, आणि माणशी काही रक्कम आगाऊ भरावयाची. जेवणापूर्वी अनामत ठेवावयाची ही रीत मला नवीन होती. आमच्या शाळेत ती फक्त प्रयोगशाळेतील काचेच्या नळ्यांसाठी असे.

मुलुंडाहून आम्ही वेळेवर निघालो. पण पवईपाशी गाड्यांची अशी दाटी झाली की, पोहोचावयास दहा वाजून पाच मिनिटे झाली. दारातील तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, पंधरा मिनिटे वाट पाहून टेबल पुढच्या मंडळींस दिले आहे. रक्कमही परत मिळावयाची नव्हती. तसा नियम त्यांनी आधीच लिहून कळविला होता, हे मला न्याय म्हणून सांगितले पाहिजे. पुतण्या संतापला, सूनबाई हिरमुसल्या. सौ. मात्र पदपथावर उभी राहून शांतपणे म्हणाली, "बरं झालं. इतक्या रात्री मला जेवण सोसतंच कुठं?" स्टेशनाजवळ इडली खाऊन आम्ही परत फिरलो.

परतीच्या वाटेवर, गाडीच्या काळोखात, ती आपण होऊन बोलली. "मला कुठं न्यायचंच असेल तर माटुंग्याला न्या. आमचे अण्णा जेवायचे तिथं."

चाळीस वर्षांत तिने मजपाशी मागितलेल्या गोष्टी मोजावयास एका हाताची बोटे अधिक होतील. ही त्यांतील एक, आणि तीही मी कधी ऐकली नव्हती. "पूर्वी कधी बोलली नाहीस," मी म्हटले. त्यावर तिने उत्तर दिले नाही.

तिचे वडील, आमचे श्वशुर, १९५३ साली चिपळूणाकडून मुंबईस आले आणि माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात कारकून झाले. लग्न १९५८ साली झाले. मधली पाच वर्षे त्यांचे दुपारचे जेवण स्टेशनाजवळच्या रामा नायक यांच्या बोर्डिंगात होई. कोकणातील मनुष्य, सांबार-रसमाची सवय नाही. पहिले आठ दिवस नाक मुरडले, आणि पुढे असा लळा लागला की, चिपळुणास परतल्यावरही सणावारी ते मुलींना त्या रसमाचे वर्णन करीत. द्रोण तोंडाला लावून पिण्यात मजा नाही, ओंजळीत घेऊन प्यावे, असे त्यांचे शास्त्र होते. एकदा मुंबईस नेईन आणि तिथे जेवू घालीन, हे त्यांचे धाकट्या लेकीस दिलेले वचन. मुली मोठ्या झाल्या, लग्ने झाली, अण्णा १९९४ साली गेले. लेक तर मुंबईतच दिली होती, माटुंगे गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. पण कोणी नेले नाही. कोणी म्हणजे मी.

ते बोर्डिंग, 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग', १९४२ साली स्थापन झाले. उडुपीचा श्रीकृष्णमठ आणि तेथील अन्नदान प्रसिद्धच आहे. त्या मुलखातील स्वयंपाकी मुंबईस आले आणि त्यांनी एकट्या राहणाऱ्या नोकरदारास परवडेल असे स्वच्छ शाकाहारी जेवण दिले. माटुंगे हा दाक्षिणात्यांचा भाग, म्हणून तेथे ही गृहे दाटीने उभी राहिली. जवळच किंग्ज सर्कलच्या बाजूस १९४० साली निघालेला कॅफे मद्रास आहे. तेथेही रविवारी सकाळी लोक नाव लिहून देऊन पदपथावर तिष्ठत असतात. जागा मिळण्याची ही ओढाताण नव्या श्रीमंती हॉटेलांनीच आणली, असा माझा समज होता तो येथे गळून पडला.

एका रविवारी, उन्हे चढण्यापूर्वी, आम्ही आठ जण मुलुंडाहून धीम्या गाडीने निघालो. वहिनी गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या. माटुंग्यास उतरून पाहतो तो जिन्यावर माणसेच माणसे. कूपन घ्यावयाचे आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत थांबावयाचे. आगाऊ आरक्षण नाही, अनामत नाही. आमच्यापुढे बरीच मंडळी होती. सूटबूट घातलेला एक गृहस्थ, त्याच्यामागे हमालासारखा दिसणारा एक इसम, एक गुजराती कुटुंब, महाविद्यालयातील चारपाच पोरे. गणिताचा शिक्षक नसलो तरी मी हिशेब मांडला. समजा, पन्नास खुर्च्या आहेत आणि माणूस अर्ध्या तासात उठतो. म्हणजे तासाला शंभर पाने. निवडीचे जेवण असते तर माणूस आधी यादी वाचणार, मग सांगणार, मग पदार्थ होणार. तेवढ्यात तीच खुर्ची दीड तास अडून राहती. येथे सांगावयाचे काहीच नाही. सर्वांस एकच जेवण, ते तयार, आणि वाढपी फिरतच असतो. रांग लांब दिसली तरी ती हलत असते, याचे मर्म हे.

उभ्या उभ्या मनात आले, आमच्या आजोबा-पणजोबांनी हा जिना पाहिला असता तर? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींस चहा-बिस्किटे देण्यात आली. टिळक, रानडे यांसारखी माणसे तेथे होती. नावे छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले, त्यात त्या दिवसांचा ताप वाचावयास मिळतो. एका पेल्याने एवढे रामायण! त्याच १९१० साली दादरास मामा काण्यांचे उपाहारगृह निघाले आणि पांढरपेशा मनुष्य उजळ माथ्याने बाहेर खाऊ लागला. १९३३ साली रत्नागिरीस सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह उघडविले, तेव्हाही तेथे जाऊन चहा पिणे हे धाडसच होते. आणि येथे जिन्यावर माझ्या पुढे कोण, मागे कोण, हे कोणी विचारीत नव्हते. हातातील आकडा तेवढा विचारीत.

ते असो. आमचा क्रमांक आला तेव्हा आतून हाक आली, "दोघे जण!" आठ जागा एकदम रिकाम्या होणे शक्य नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, काकू, तुम्ही व्हा पुढे." मी निघालो. सौ. मात्र जिन्यावरच थांबली.

"मुलांना जाऊ दे. बाकीच्यांचं झालं की मी बसते."

मागच्यांची चुळबूळ सुरू झाली. वाढप्याने पुन्हा हाक दिली. धाकट्या नातीने तिचा पदर ओढून म्हटले, "आजी, तुझाच नंबर आहे." तेव्हा ती आली, पण परक्याच्या घरी चुकून शिरल्यासारखी.

समोरासमोर बसलो. केळीची पाने मांडली गेली. आणि तेथे बसल्या बसल्या, जी गोष्ट मी पस्तीस वर्षे मुलांस शिकविली ती मला पहिल्यांदाच समजली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत मात्र तीर्थरूपांपाशी लहानपणापासून झाले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या भोजनाचा क्रम सांगितला आहे. नव्याने घरात आलेल्या सुवासिनी, कुमारिका, आजारी व गर्भवती यांस अतिथींच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता वाढावे. अतिथी व पोष्यवर्ग जेवल्यावर जे उरेल ते दांपत्याने खावे. दांपत्याने, म्हणजे दोघांनी. तेथे द्विवचन आहे. व्याकरण शिकविताना ते द्विवचन मी मुलांकडून किती वेळा ओळखून घेतले असेल! आमच्या घरात त्याच आधारावर शेवटी बसणारी ती एकटी, आणि मी पहिल्या पंक्तीत पाटावर. १९८५ साली ती नवी सून होती, तेव्हा तिला सर्वांच्या आधी वाढावयास हवे होते, असे तेच पुस्तक सांगते. त्या वर्षी तर ती वाढत होती. ग्रंथाने दोष द्यावा इतका ग्रंथ आम्ही पाळलाच नव्हता. आमच्या सोयीचा तेवढा अर्धा श्लोक पाळला.

हे तिला सांगावे असे वाटले. सांगितले नाही. त्या वेळी ती पान पाहत होती.

पुरी आली, भाज्या आल्या, पापड, लोणचे. तिने हात घातला नाही. प्रथम माझे पान पाहिले, मग शेजारच्या अनोळखी मुलाच्या पानावर भाजी संपली हे पाहिले आणि वाढप्याला त्याच्याकडे बोट दाखविले. तो मुलगा लाजून हसला. "अगं, आपण जेव," मी म्हटले. "जेवते हो," असे म्हणून तिने दाराकडे नजर टाकली, मुले अजून उभीच होती. वाढपी वयस्क होता, त्याने हे हेरले असावे. भात वाढून त्यावर सांबार घालताना तो मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, थंड होते. तुम्ही खा. मी बघतो सगळ्यांना."

एवढे म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला. माझ्या मते त्याने हे दिवसातून पन्नासदा म्हटले असेल. पण तिचे डोळे भरून आले. मग ती जेवू लागली, आणि जेवताना कोणाकडे पाहिले नाही. रसम आले तेव्हा तिने द्रोणासारखी ओंजळ पुढे केली. वाढपी थबकला. कढत आहे, असे त्याने खुणेने सांगितले आणि वाटीत घालून दिले. तिने ते निवू दिले, वाटीतून ओंजळीत घेतले आणि प्याली. पुन्हा मागितले. तिसऱ्यांदाही मागितले. "अण्णा म्हणायचे तितकं तिखट नाही," एवढाच तिचा अभिप्राय.

उठताना आमच्या जागांवर पुतण्या व त्याची पत्नी येऊन बसली. बाकीची मंडळी जशा खुर्च्या मिळतील तशी विखरून जेवली. आम्ही दोघे जिन्याखाली सावलीत उभे राहिलो. जेवून रिकाम्या हाताने कोणाची तरी वाट पाहण्याचा प्रसंग तिच्या वाट्याला क्वचितच आला असेल. हात कोठे ठेवावे हे तिला उमजत नव्हते. घरी जाताना वहिनींसाठी काय न्यावे, हेच ती विचारीत होती.

दुसरे दिवशी दुपारी घरी आम्ही तिघेच: वहिनी, ती आणि मी. मी दोन पाटांजवळ तिसरा पाट मांडला आणि भांडी मध्ये आणून ठेवली. वहिनींनी विचारले, "अहो भाऊजी, हे काय? वाढणार कोण?" म्हटले, "ज्याला हवं त्याने घ्यावं." वहिनींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. त्याही पूर्वी शेवटच्याच पंक्तीच्या. मग त्या पदर खोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बैस गं तूही."

सौ. बसली. तरी तीनदा उठली. एकदा मीठ आणावयास, एकदा पाणी, आणि एकदा कशासाठी ते तिलाही सांगता आले नाही. ती परत येईपर्यंत मी हात थांबवून बसलो. आमटी पार निवली होती, ती तशीच खाल्ली.