जिन्याखालची पेटी

"लिथियम फॉस्फेटची आहे, हिला आग लागतच नाही," असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. यातलं निम्मं खरं आहे. कोबाल्टवाल्या सेलपेक्षा ही जात पुष्कळ सोशिक. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, तापला तरी सहजी सुटत नाही. पण आतला इलेक्ट्रोलाइट जळणाराच असतो. सेल फुटला की त्याची वाफ आणि हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हा वायू बंद जागेत कोंडला तर एक ठिणगी पुरते. शिवाय सेल कितीही चांगला असो, पेटी कुणीतरी हाताने जोडलेली असते. माझं म्हणणं त्या जोडणीबद्दल आहे.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री हा व्यवसाय शिकवतो. सोलापूर जिल्ह्यात ताईच्या घरी दाजींनी जुन्या ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम पेटी बसवली. डिस्टिल्ड वॉटरची कटकट गेली म्हणून दोघं खूश. पुढे पाण्याची मोटर चालू केली की इन्व्हर्टर बंद पडू लागला. दुकानदार फोनवर म्हणाला, "लोड जास्त होतोय, मोटर त्याच्यावर घेऊ नका." ताईचं मात्र एकच पालुपद होतं, "अरे, जिन्यापाशी प्लास्टिक तापल्याचा वास येतो रे." मला तो वास महत्त्वाचा वाटला.

मी घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली, एमसीबी खाली केला आणि झाकण उघडलं. ५१ व्होल्टचा झटका सहसा जिवावर बेतत नाही, पण पाना दोन पट्ट्यांवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात.

आत सोळा सेल, दोन रांगांत. एका सेलच्या टर्मिनलवरचा नट बोटांनीच फिरला. त्याखालची तांब्याची पट्टी काळी-निळी पडली होती, शेजारच्या वायरचं आवरण आकसलं होतं. इन्व्हर्टर पुन्हा जोडून इस्त्री आणि किटली लावली. क्लॅम्प मीटरवर ४५ अँपिअर. बाकीच्या सांध्यांवर एक-दोन मिलिव्होल्टचा फरक, या एका सांध्यावर २१०. म्हणजे नखाएवढ्या जागेत जवळजवळ साडेनऊ वॅटची उष्णता, तीही प्लास्टिकच्या आवरणाला चिकटून. मोटर सुरू होताना प्रवाह काही क्षण तिपटीवर जातो, तेव्हा याच सांध्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत होता. बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, वाटे सेलच रिकामा झाला, म्हणून तो सगळं तोडून टाकी. मोटरचा काही दोष नव्हता.

नट आवळून हे एक भागलं असतं. पण पुढे जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं. तापमानाचा सेन्सर सेलला चिकटवलेलाच नव्हता, वायरच्या गुंडाळीत हवेत लोंबत होता. सेल कितीही तापला तरी बीएमएसला कळणार फक्त पेटीतल्या हवेचं तापमान. पातळ सेन्स वायरी पत्र्याच्या धारदार कडेवरून ओढलेल्या, भोकाला रबरी ग्रोमेट नाही, एका वायरीचं आवरण कापलं जाऊन तांबं दिसत होतं. सेल आणि लोखंडी पेटी यांच्यामध्ये निळ्या फिल्मशिवाय काही नाही. डीसीच्या बाजूला एसीचा एमसीबी. डीसी प्रवाह शून्यातून जात नाही, त्यामुळे त्यातली ठिणगी आपोआप विझत नाही. एसीच्या एमसीबीला ती तोडणं झेपेलच असं नाही. आणि सेलवरचे क्यूआर कोड खरवडलेले. चांगल्या, नव्या सेलचा कोड कुणी कशाला खरवडेल?

ही पेटी जिन्याखाली होती. आपल्याकडे इन्व्हर्टरची जागा ठरलेली, जिन्याखाली नाहीतर दाराच्या कोपऱ्यात. ऑस्ट्रेलियाच्या २०१९ च्या मानकात बॅटरी जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवायला मनाई आहे. ताईच्या घरात वर झोपलेल्या मुलांना खाली यायला तोच एक जिना.

फोटो आणि मीटरचे आकडे दाखवल्यावर दुकानदाराने नवी पेटी पाठवली. तिच्यावर "उघडल्यास वॉरंटी रद्द" असा स्टिकर होता. तुमच्याच माणसाने आमच्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय घेणार नाही, असं दाजींनी ठणकावून सांगितलं. त्या माणसाने उघडली. सेन्सर इथेही लोंबतच होता. दाजींनी पैसे परत घेतले. आयईसी ६२६१९ प्रमाणे चाचणी झालेली, प्रमाणपत्र दाखवता येणारी दुसरी बॅटरी आता बाहेरच्या पडवीत, भिंतीवर, सावलीत आहे. महाग पडली.

२०२१ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या घरगुती बॅटऱ्या आगीच्या धोक्यापायी परत मागवल्या गेल्या. पेटी कुणाकडे गेली याची नोंद असली तरच असं घडू शकतं. मी दुकानदाराकडे एवढंच मागितलं, की या मालाच्या पेट्या ज्यांना विकल्या त्या सगळ्यांना फोन करा, तपासणी मी फुकट करतो. त्याने यादी द्यायला नकार दिला. मग दाजी आणि मी ओळखीच्या घरांतून फिरलो. काहींनी उघडू दिली, काहींना वॉरंटीची भीती वाटली. उघडलेल्या पेट्यांपैकी आणखी एकीत नट ढिला निघाला. ती दवाखान्याच्या वर राहणाऱ्या एका कुटुंबाची होती.