अण्णांचा बगळा

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की आपल्या अंगात एक वारं शिरतं. पदर खोचायचा, डोक्याला फडकं बांधायचं आणि स्टुलावर चढून माळा रिकामा करायचा! तुटक्या सुपापासून बिनकानाच्या कपापर्यंत सगळं खाली येतं आणि मग दारात भंगारवाल्याची हाळी ऐकू आली की त्याच्यासारखा देवदूत नाही असं वाटतं. मी आज सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका साफसफाईची. सांगायला इतकी वर्षं लागली, कारण तीत शहाणपणा माझा नाही, चूक मात्र माझी आहे.

१९९६ सालची दिवाळी. आमची डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा, दोन मुलं, हे, मी आणि आई गेल्यापासून आमच्याकडे राहायला आलेले माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. तीत दोन-तीन पाने, एक हातोडी, काळ्या पडलेल्या चिंध्या आणि एक लांब चोचीची तेलाची झारी. ट्रंक उघडली की घरभर रॉकेल आणि वंगणाचा वास! त्या वर्षी मी ती झाडून सगळी भंगारात दिली. अण्णा त्या वेळी भाजी आणायला गेले होते. भंगारवाल्याने किलोवर तोलून जे काय हातावर ठेवलं, त्यातून मी पणत्या आणल्या.

अण्णा नेरळच्या शेडमध्ये होते. माथेरानच्या गाडीवर. आधी फायरमन, मग फिटर.

माथेरानची गाडी तुमच्यापैकी पुष्कळ जणींना लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपुरती ठाऊक असेल! तो एकुलता एक बोगदा, ज्याला लोकांनी ‘वन किस टनेल’ असं चावट नाव ठेवलंय, आणि डब्याच्या खिडकीशी येणारी माकडं. आम्हाला मात्र ती गाडी घरातल्या माणसासारखी होती. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधून काढली. खर्च आला सोळा लाख रुपये! दोन फुटांचा रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरची वाट, नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान. काही ठिकाणी चढ असा, की वीस फूट पुढे गेलात तर एक फूट वर चढलात. साध्या आगगाडीला हा चढ फार झाला.

या गाडीसाठी जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिनं आणली होती. ७३८ ते ७४१ असे त्यांचे नंबर. सहा चाकांची, बुटकी, पोटाळी. गंमत अशी, की त्यांची पुढची आणि मागची चाकं वळणावर थोडी अंग वळवू शकायची. आपण अरुंद जिन्यात कडेवर मूल घेऊन कशा तिरक्या होतो, अगदी तशी! म्हणून त्या घाटातली आवळलेली वळणं त्यांना घेता यायची. अण्णांना चारही इंजिनांचे स्वभाव पाठ होते. एक म्हणे सकाळी रुसायचं, एकाला पाणी फार लागायचं. आई म्हणायची, “माझा स्वभाव कधी एवढा ओळखला नाहीत ते!”

त्या तेलाच्या झारीला ‘बगळा’ हे नाव आईनेच ठेवलेलं. चोच लांब, मान बारीक आणि पोट गोल. वाफेच्या इंजिनाला जागोजागी तेल पाजावं लागतं. दांडे, सांधे, आस, सगळ्यांच्या खाचाखोचांत बगळ्याची चोच घालायची आणि मोजून थेंब सोडायचे. गाडी थांबली की अण्णा खाली उतरून प्रत्येक सांध्याला हाताची पाठ लावून बघत. तळवा नाही हं, हाताची पाठ! तळव्याची कातडी कामाने राठ होते, तिला बारीक ताप कळत नाही. आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला हाताची पाठच लावतो ना? मला ताप आला की अण्णाही तशीच लावायचे आणि म्हणायचे, “बेअरिंग गरम झालंय, आज शाळा बंद.”

इंजिन पेटवायचं म्हणजे काडी ओढली आणि निघालं असं नसतं. लहानपणी डबा द्यायला शेडमध्ये गेले, की अण्णा मला समजावून सांगत. तुमच्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब असेल तर तुम्हालाही पटकन कळेल. बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा निजवलेला मोठा बंब, फक्त त्यात एका नळीच्या जागी पुष्कळ नळ्या. आधी काचेच्या नळीत बघायचं, पाणी किती आहे ते. मग थोडी लाकडं, थोडा कोळसा, आणि हळूहळू जाळ वाढवायचा. थंड इंजिन तापायला कित्येक तास लागतात. घाई केली तर पत्रे एकदम फुगतात, सांधे सुटतात आणि नळ्या गळायला लागतात. काचेच्या पेल्यात एकदम कढत चहा ओतला तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच!

आणि पाणी कमी पडलं तर? जाळाच्या पेटीच्या छपरात शिशाची एक गुडदी बसवलेली असते. वर पाणी आहे तोवर ती शाबूत राहते. पाणी उतरलं की ती वितळते, वाफ खाली जाळावर येते आणि आतला धोका बाहेर कळतो. आपल्या कुकरच्या झाकणावर शिटीखेरीज दुसरी एक झडप असते ना, तीही पाणी आटलं की अशीच वितळते. घाटात तर जास्तच जपायला लागायचं. चढावर इंजिन तिरकं झालं की आतलं पाणी एका अंगाला जातं, तिरक्या धरलेल्या पातेल्यासारखं. म्हणून नजर सतत त्या काचेवर. वॉटर पाइपला पाणी भरून घेतलं की अण्णा कपाळ पुसायचे.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, पण आमच्या घरी त्या इंजिनाने आईला खूप रडवलंय. कपड्यांना काजळी अशी, की साबणाची अख्खी वडी एका आठवड्यात संपे. सणावाराला गाडीला गर्दी, म्हणून सण असला की अण्णा घरी नाहीत. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला ते संध्याकाळी उगवले, तेसुद्धा तोंडावर काजळी घेऊन. आई त्या दिवशी बोलली नाही. रात्री मात्र तिने चिंच आणि राख घेऊन बगळ्याचं पितळ लखलखीत घासून ठेवलेलं मी पाहिलंय. राग आणि माया एकाच हाताने कशी करतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग डिझेलची इंजिनं आली. ती १९५० नंतरच्या दशकातच आली होती, पण वाफेची सोबतीला होती. १९८० नंतर मात्र लवकरच वाफेचं काम संपलं. अण्णांना डिझेलवर काम दिलं, तेही त्यांनी नीट केलं. निवृत्त होताना जुना माल मोडीत निघत होता, त्यातून रीतसर पैसे भरून त्यांनी आपल्या हातची ती झारी मागून घेतली. एवढीच त्यांची कमाई, असं ते हसून म्हणत.

आणि ती मी किलोवर विकली.

अण्णांना ते चार दिवसांनी कळलं. मी म्हटलं, “अहो अण्णा, जागा कुठे आहे? आणि आता त्याचा उपयोग काय?” ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, “बरोबर आहे तुझं. उपयोग काही नव्हता.” आणि पेपर उघडून बसले. पान काही उलटलं नाही. १९९८ साली ते गेले. त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, २०१९ च्या फेब्रुवारीत, आमच्या भिशीच्या बायकांची उटीला सहल निघाली. मेट्टुपालयमहून सकाळी निघणारी निलगिरीची गाडी. तिथे कुन्नूरपर्यंत अजून वाफेचं इंजिन लावतात. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या कारखान्याच्या नमुन्याचं. चढ इतका उभा, की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी मागून वर ढकलतात. आता तिथली काही इंजिनं कोळशाऐवजी तेलावर चालतात, पण वाफ ती वाफच.

पाणी भरायला गाडी थांबली तशी सगळ्या बायका फोटो काढायला उतरल्या. मीही उतरले. बघते तर इंजिनाशेजारी एक माणूस वाकलेला, आणि त्याच्या हातात बगळा! तीच मान, तीच चोच. त्याने तेल सोडलं, झारी खाली ठेवली आणि सांध्याला हात लावून पाहिला. हाताची पाठ!

मैत्रिणींनो, मी तिथे रुळाकाठी उभी राहून ढसाढसा रडले. बरोबरच्या बायकांना वाटलं, मला गाडी लागली. त्या माणसाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मी नुसतं झारीकडे बोट दाखवलं, ‘फादर’ म्हटलं आणि माझ्या हाताची पाठ त्याच्यापुढे धरली. तो हसला. त्याने आपलीही तशीच पुढे केली. दोनच मिनिटं, पण वीस वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी थोडं हललं.

तिथे मला एक गोष्ट उमगली. इंजिन जपायचं म्हणजे नुसतं रंगवून चौथऱ्यावर उभं करायचं नाही. चालतं इंजिन झिजतं, त्याच्या नळ्या बदलाव्या लागतात, बॉयलरमधले क्षार वरचेवर धुऊन काढावे लागतात, ठराविक काळाने पाणी दाबून भरून त्याची परीक्षा घ्यावी लागते. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात २०१० नंतरच्या दशकात या गाडीसाठी जुन्याच नमुन्यावर नवी वाफेची इंजिनं बांधली. लोखंड नवं, पण तेल कुठे पाजायचं आणि हात कसा लावायचा, ही रीत जुनी. रीत जाणारी माणसं राहिली, म्हणून ते जमलं. दर महिन्याला झीज होते म्हणून पैठणी कपाटातच ठेवली तर ती घडीवर चिरते, आणि रोज नेसली तर विरते. जपणं या दोन्हींच्या मधलं असतं.

माथेरानच्या गाडीनेही काय कमी सोसलं? २००५ च्या २६ जुलैच्या पावसात रूळ वाहून गेले, ती २००७ मध्ये पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घाट मोडला. २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून गाडी परत निघाली, तेव्हा त्या डिसेंबरात मी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गेले. नेरळला जुन्या चारांपैकी एक इंजिन दर्शनी उभं करून ठेवलंय. एक तर साता समुद्रापार इंग्लंडला गेलं.

नातवाने विचारलं, “आजी, हे चालत का नाही?”

मी म्हटलं, “चालवणारे हात राहिले नाहीत रे.”

“पण तुला माहितीय ना, कसं पेटवायचं ते?”

मी बघतच राहिले. खरंच की! आधी काचेत पाणी बघायचं. मग लाकडं. मग हळूहळू कोळसा. शिशाची गुडदी. चढावरचं तिरकं पाणी. सगळं मला पाठ होतं. मी ट्रंक विकली होती, पण डबा देताना अण्णांनी सांगितलेलं काही तोलून देता आलं नव्हतं. गाडी चढत होती तेवढे दोन-अडीच तास मी बोलत होते आणि तो ऐकत होता. घरी आल्यावर आम्ही दोघांनी एका दोनशे पानी वहीत ते सगळं उतरवलं. चित्रं त्याने काढली. बगळ्याचं चित्र मात्र मी काढलं, चोच जरा वाकडी आली.

तेव्हा यंदा माळा आवरायला चढाल, तेव्हा माझं एवढं ऐका. प्रत्येक वस्तू ठेवून घर चालत नाही, हे मलाही कळतं. द्यायचं ते द्या. पण जिची ती वस्तू आहे, ते माणूस भाजी घेऊन परत येईपर्यंत थांबा. त्यांना पाटावर बसवा, हातात चहा द्या आणि विचारा, “हे कसं वापरायचे हो?” तासभर जाईल. जाऊ द्या. मग वाटलं तर भंगारवाल्याला हाक मारा.