चारचा चहा आणि आत्याचं मोहन

आई गेल्यापासून आमच्याकडे चारचा चहा नुसता प्यायला जायचा. बाबांच्या हातात पेपर, माझ्यासमोर लॅपटॉप, मध्ये कॅम्पातल्या बेकरीची खारी. बाबांना सोबत म्हणून मी बंगळूर सोडून बेळगावला आलो, काम घरूनच करतो. पण सोबत म्हणजे नक्की काय करायचं, हे बीईच्या कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

मागे प्रोजेक्टसाठी इंग्लंडला गेलो होतो, तिथं चहाबरोबर स्कोन खाल्ले होते. मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. ना पाव, ना केक, ना बिस्कीट. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे इथं छावणी वसवली. कॅम्पातल्या त्या जुन्या बंगल्यांतही चार वाजता असलंच काही भाजलं जात असणार, असा माझा आपला अंदाज. म्हटलं, करून बघू.

पहिल्या रविवारी दगड झाले. बाबांनी चहात बुडवून एक खाल्ला आणि म्हणाले, "बरं झालंय." आई मीठ विसरली तरी ते हेच म्हणायचे. पुढचे दोन रविवार ओव्हनचं तापमान, बेकिंग पावडर, दूध, एकेक गोष्ट बदलून पाहिली. बग सापडेना.

चौथ्या रविवारी निपाणीहून आत्या आली होती. पदर खोचून ओट्याशी उभी राहिली.

"काय करायलायस रे?"

"स्कोन."

"मग एवढं रगडायलायस कशाला? चपातीची कणीक हाय काय ती? करंजीला मोहन चोळतात तसं चोळ. मूठ वळली की थांब."

'पिठाला लोणी चोळा' हे मी कृतीत दहा वेळा वाचलं होतं. ते मोहनच आहे, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. फरक एवढाच, की करंजीचं मोहन कडकडीत, इथलं लोणी फ्रिजमधलं गार. त्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत. भट्टीत ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि स्कोन फुलतो. जास्त मळलं की मैदा चिवट होतो. झाला दगड.

आता माझं प्रमाण असं आहे: मैदा २५० ग्रॅम, गार लोणी ६० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, चिमूटभर मीठ आणि मूठभर बेदाणे. बेदाणे तासगावचे, ते इतक्या जवळ मिळत असताना परदेशी पाकीट कशाला? लोणी चोळून झालं की बेदाणे घालायचे, मग दूध लागेल तसं, साधारण अर्धा कप. गोळा नुसता जमवायचा. बोटभर जाड थापायचा आणि वाटीनं सरळ दाबून कापायचा. वाटी फिरवली तर कडा चिकटते आणि स्कोन वाकडा फुगतो. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. वरून इंग्रज घट्ट साय आणि जॅम लावतात. आम्ही साय आणि कुंदा लावला. त्यांना सांगू नका.

त्या दिवशी स्कोन मधोमध हातानं उकलले. आत्यानं वास घेतला आणि म्हणाली, "दादा, नानकटाईची भट्टी आठवली बघ."

बाबांनी पेपर खाली ठेवला. मग निपाणीतली त्यांची मे महिन्याची सुट्टी निघाली. घरी मळलेलं पीठ डब्यात घालून दोघं भावंडं बेकरीत जायची, नंबर लागेपर्यंत भट्टीसमोर बसायची. एकदा पत्र्यांची अदलाबदल झाली आणि दुसऱ्याच कुणाच्या नानकटाया घरी आल्या.

"परत दिल्या?" मी विचारलं.

"कशाला? आपल्यापेक्षा चांगल्या होत्या त्या," बाबा म्हणाले, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. आईला माहीत होतं का विचारलं, तर बाबा म्हणाले, "तिला तर पाठ होतं."

एवढ्यात चहा गार झाला होता. बाबाच उठले आणि पुन्हा आधण ठेवलं.