इंग्रजीतले विशेषण आणि क्रियाविशेषण
‘गाणे छान आहे’ आणि ‘ती छान गाते’ या दोन्ही वाक्यांत मराठीचे ‘छान’ बदलत नाही. इंग्रजीत मात्र गाणे ‘गुड’ असते आणि ती गाते ‘वेल’. नामाबद्दल सांगायचे तर विशेषण, क्रिया कशी घडते हे सांगायचे तर क्रियाविशेषण, हा नियम शाळेतच पाठ होतो. खरी अडचण ‘लुक’, ‘फील’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ अशा क्रियापदांशी येते. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. वर्णन कर्त्याचे, म्हणून विशेषण. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट देम’ म्हणजे त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिले, वर्णन पाहण्याचे. क्रियापदाच्या जागी ‘वॉज’ घालून वाक्याचा अर्थ टिकला तर विशेषण घ्यावे. ही कसोटी प्रत्येक वर्गात शिकवायलाच हवी, इतकी ती उपयोगी आहे. शेवटी ‘ली’ दिसले की क्रियाविशेषण, हा समज मात्र फसवा: ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाला ‘ए’ असा प्रत्यय लागे; तो झिजला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’ ही रूपे दोन्ही कामांना उरली. म्हणून ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कष्ट केले, आणि ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जवळजवळ कामच केले नाही.