ड्रायव्हरने आपलं कार्ड सांभाळावं

एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इंटेलच्या मशीनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. तो आर्म६४च्या बोर्डावर चालवायचं काम माझ्याकडे आलं. तिथे अधूनमधून पॅकेटं बिघडलेली यायची. बफर डंप करून पाहिला, तर त्यातले चौसष्ट बाइट आधीच्या पॅकेटचे आणि बाकी सगळे नव्याचे. त्या प्रोसेसरवर चौसष्ट बाइट म्हणजे नेमकी एक कॅश लाइन. कार्डाने मेमरीत नवा डेटा लिहिला होता, पण प्रोसेसर कॅशमधला शिळा वाचत होता. इंटेलच्या एक्स८६वर कॅश आणि डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) यांचा मेळ हार्डवेअरच घालतं, म्हणून इतकी वर्षं हे उघडकीला आलं नव्हतं.

टीममध्ये एक तयार पॅच फिरत होता: ड्रायव्हरमध्येच आर्म६४चा ‘इफडेफ’ टाकायचा आणि आत कॅश साफ करणारी असेंब्ली लिहायची. पॅकेटं नीट येऊ लागली, डेडलाइनही डोक्यावर होती. तरी मी अडून बसलो. आर्मच्याच काही बोर्डांवर डीएमए कॅशशी जुळलेला असतो, तिथे ही साफसफाई फुकट. उपकरणांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारा आयओएमएमयू असेल तर ड्रायव्हर कार्डाला देत होता तो फिजिकल पत्ताच चालणार नाही. मग आणखी एक इफडेफ, आणि त्यामागून आणखी एक. कॅश कधी साफ करायची हे नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने ठरवायचंच कशाला?

आमचा ड्रायव्हर लिनक्सचा होता. १९९१ साली ३८६साठी लिहिलेलं लिनक्स पुढे अल्फा, स्पार्कवर गेलं. प्रोसेसरचं ते ‘आर्च’ फोल्डरमध्ये आणि उपकरणाचं ते ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरमध्ये, ही वाटणी मला त्या कर्नेलमधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मी बफर ‘डीएमए_मॅप_सिंगल’मधून द्यायला लावला आणि पॅकेट वाचण्याआधी तो अनमॅप केला. डेटा कार्डाकडून येतोय, एवढंच ड्रायव्हर सांगतो. साध्या एक्स८६वर त्या कॉलने जवळपास काहीच होत नाही, आर्म६४वर गरज असेल तर कॅश साफ होते, आयओएमएमयू असेल तर त्याचा पत्ता मिळतो. बोर्डाचा डीएमए कॅशशी जुळलेला आहे की नाही, हे डिव्हाइस ट्रीमधली ‘डीएमए-कोहेरंट’ ही एक नोंद सांगते. इफडेफ आणि असेंब्ली दोन्ही गेलं.

पुढे रिस्क-फाइव्हचा बोर्ड आला. त्याचे कॅशचे आदेश २०२२ साली कर्नेलच्या आर्च विभागात आले होते. आमच्या ड्रायव्हरला हात लावावा लागला नाही, फक्त नव्याने कंपाइल केला.